पेटरच्या पहिल्या आवृत्त्या

ग्रंथसंग्रहाचा छंद हा विद्याव्यासंगाचा सख्खा भाऊ आहे, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. वस्तुतः पुष्कळदां तो सावत्र असतो. एखाद्या ग्रंथकाराच्या साऱ्या पहिल्या आवृत्त्या जमवावयाच्या आणि संच पुरा होतांच कपाटास कुलूप लावून मोकळें व्हावयाचें, ही वृत्ति आम्हांस कधींच मानवली नाहीं. तथापि व्हिक्टोरियाकालीन इंग्रज टीकाकार वॉल्टर पेटर (१८३९–१८९४) याच्या ग्रंथांपुरतें आमचें मत बदललें आहे. तें कां, हें सांगण्याचा येथें उद्देश आहे.

पेटर हा ऑक्सफर्डच्या ब्रेझनोझ कॉलेजांतील फेलो. ‘स्टडीज इन द हिस्टरी ऑफ द रेनेसान्स’ हा त्याचा पहिला ग्रंथ मॅकमिलन यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केला. बॉटिचेली, लिओनार्डो, विंकेलमान इत्यादिकांवरील निबंधांच्या शेवटीं त्यांत एक लहानसा समारोप आहे. क्षणाक्षणाला निसटणाऱ्या आयुष्यांत उत्कट अनुभव हाच खरा लाभ, आणि तो देण्यांत कला सर्वश्रेष्ठ, हा त्याचा आशय. फडके-खांडेकर वादामुळें मराठी वाचकांस परिचित झालेल्या ‘कलेसाठीं कला’ या मतास इंग्रजींत ज्या लेखनानें बळ दिलें, त्यांत या समारोपाची गणना होते.

त्या थोड्या पानांनीं ऑक्सफर्डांत खळबळ उडाली. जॉन वर्डस्वर्थ या सहकाऱ्यानें त्याच वर्षीं पेटरला निषेधाचें पत्र धाडलें. १८७७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ग्रंथाचें नांव बदललें आणि समारोप नाहींसा झाला. १८८८ च्या तिसऱ्या आवृत्तींत तो परत आला. सोबत टीप आली कीं, कांहीं तरुणांची दिशाभूल होईल या शंकेनें तो गाळला होता, आणि आतां किरकोळ फेरफारांनीं तो मूळ अभिप्रायाच्या अधिक जवळ आणला आहे. फेरफार खरोखर किरकोळ होते काय? १८७३ च्या पाठांत जीवनाची जाणीव तीव्र करणाऱ्या भावनांमध्यें राजकीय व धार्मिक उत्साहाचा स्पष्ट उल्लेख होता. पुढें त्याची जागा उत्साहपूर्ण कार्याच्या विविध प्रकारांनीं, म्हणजे एका मोघम शब्दप्रयोगानें, घेतली. तेहतिसाव्या वर्षीं परजलेल्या शस्त्राची धार लेखकानें अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं स्वहस्तें बोथट केली.

येथें आमचा एक दोष कबूल केला पाहिजे. आमच्याजवळ १९१० चा दहा खंडांचा संच आहे. त्यांतील समारोप वर्गांत वाचून ‘हा १८७३ चा तरुण पेटर’ असें आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों, आणि विद्यार्थी तें निमूटपणें लिहून घेत आले. पहिल्या आवृत्तीचा पाठ समोर आला तेव्हां उमजलें कीं, तरुणाचें म्हणून आम्ही ऐकविलें तें एका सावध प्रौढाचें बोलणें होतें.

याच समारोपाचें मूळ आणखी मागें जातें. १८६८ सालीं पेटरनें ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मध्यें विल्यम मॉरिसच्या कवितांचें निनांवी परीक्षण लिहिलें. त्याचा शेवटचा भाग म्हणजे हा समारोप. आरंभींचा भाग ‘ॲप्रिसिएशन्स’ (१८८९) या ग्रंथांत ‘ईस्थेटिक पोएट्री’ या नांवानें आला आणि पुढच्याच वर्षींच्या दुसऱ्या आवृत्तींतून गळला. एकाच लेखाचें शेपूट एका ग्रंथांतून व मस्तक दुसऱ्यांतून लेखकानें छाटलें. शेपूट पुन्हां जोडलें, मस्तक मात्र जोडलें नाहीं. आमच्या संचांतही तें नाहीं.

मग पहिली आवृत्ति तेवढी खरी, असें म्हणावें काय? मुळींच नाहीं. स्वतःच्या शब्दांचा फेरविचार करण्याचा लेखकाचा अधिकार नाकारून चालणार नाहीं. प्रौढपणींचा विवेक म्हणजे नेहमीं भ्याडपणाच असतो, असेंही नाहीं. डोनाल्ड हिल यांनीं १९८० च्या आपल्या आवृत्तींत १८९३ चा पाठ मुख्य धरून जुने पाठभेद नोंदविले, हा मार्ग आम्हांस न्याय्य वाटतो. निव्वळ पहिल्या आवृत्त्यांच्या मागें लागलेल्या संग्राहकाच्या संचांत १८७७ च्या प्रतीस स्थानच नाहीं. परंतु लेखकानें कोठें मौन धरलें, हें त्याच प्रतीच्या शेवटच्या पानावर दिसतें. पेटरचा संच ज्यास पुरा करावयाचा असेल, त्यानें ती प्रत वगळूं नये.