भिंतीतला संगणक आणि गोष्टीतून गळालेली माणसं

सुगत मित्र यांचं २०१३चं टेड भाषण मी अनेकदा पाहिलं आहे. ते बेतीव आहे, रंगतदार आहे, श्रोत्यांना नेमकं कुठे हसवायचं हे त्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्याची समीक्षा गोष्ट म्हणूनच करावी, असं मला वाटतं.

गोष्ट अशी : १९९९ साली दिल्लीच्या कालकाजीत, एनआयआयटीची कचेरी आणि शेजारची झोपडपट्टी यांमधल्या भिंतीत एक संगणक बसवला जातो. कोणी काही शिकवत नाही. तरीही मुलं आपली आपण शिकतात. या प्रयोगावरून विकास स्वरूप यांना ‘क्यू अँड ए’ ही कादंबरी सुचली, आणि तिच्यावरून ‘स्लमडॉग मिलियनेअर’ निघाला. गंमत म्हणजे कादंबरीच्या नायकाला उत्तरं मिळतात ती संगणकातून नव्हे, जगण्याच्या रेट्यातून, भेटलेल्या माणसांतून. कादंबरीकाराने यंत्र सोडलं आणि माणसं घेतली.

भाषणात नेमकं उलट घडतं. तिथे दोनच पात्रं उरतात : मूल आणि यंत्र. वीज कोण पुरवतं, बिघडलेली कळ कोण बदलतं, पडद्यावरची भाषा कोणाची, हे प्रश्न रंगमंचावर येत नाहीत. दिल्लीतला प्रयोग पाहून आलेल्या मार्क वॉर्शॉअर यांनी २००३ साली लिहिलं, की इंटरनेट क्वचितच चालू असे, हिंदीत फारसं काही नव्हतं आणि मुलांचा बराच वेळ खेळण्यात नि चित्रं काढण्यात जाई. पायल अरोरा यांना उत्तराखंडात अलमोड्याच्या परिसरात असे संच बंद पडलेले आढळले. त्यांच्या २०१०च्या लेखातला प्रश्न साधा आहे : प्रयोग संपल्यावर यंत्राचं पालकत्व कोणाकडे?

मित्र यांच्यावर अन्याय करायचा नाही. मुलं घोळक्यात शिकतात, एकमेकांना विचारत शिकतात, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पुढे त्यांनी स्काइपवरून मुलांशी बोलणाऱ्या, त्यांना शाबासकी देणाऱ्या स्वयंसेवकांचा गट उभा केला. त्याला ‘ग्रॅनी क्लाउड’ म्हणतात. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर घालवलेलं मोठं माणूस आजी होऊन मागच्या दाराने आत आलं! माझ्या मते या गोष्टीतली सगळ्यात खरी जागा हीच. पण टाळ्या पडतात त्या एकट्या, स्वयंभू मुलाला.

त्या टाळ्यांची किंमत २०२०च्या मार्चनंतर कळली. शाळा बंद झाल्या आणि मूल नि यंत्र हीच दोन पात्रं खरोखर उरली. यंत्र तरी कितींकडे होतं? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीत इंटरनेटची सोय असलेली घरं ग्रामीण भागात १४.९ टक्के, शहरी भागात ४२ टक्के. संगणक असलेली अनुक्रमे ४.४ आणि २३.४ टक्के. आणि घरात फोन असणं म्हणजे तो मुलाच्या हातात असणं नव्हे. बाप कामावर निघाला की फोनही निघतो. उरलेल्या वेळेत भाऊ आधी, बहीण नंतर.

कालकाजीचं यंत्र निदान रस्त्यावर होतं. एका पडद्याभोवती कोंडाळं जमे, आणि शिकणं बरंचसं त्या कोंडाळ्यात होई. टाळेबंदीतल्या फोनने तेच मोडलं. उलट त्याच वर्षी पालघर जिल्ह्यातल्या काही आदिवासी पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ भरली : स्वयंसेवक लाउडस्पीकर घेऊन येत, मुलं अंतर ठेवून बसत, ध्वनिमुद्रित धडे ऐकत. तंत्र जुनंपुराणं, पण ऐकणारी मुलं पुन्हा एकत्र होती आणि शेजारी कोणीतरी मोठं होतं.

लाउडस्पीकर ही शाळेची जागा घेऊ शकेल असं मी म्हणत नाही. पण कुठल्याही डिजिटल शिक्षणाच्या गोष्टीला मी आता तीन प्रश्न विचारतो : मुलाच्या शेजारी कोण बसलं आहे, मागे उभ्या असलेल्या मुलीची पाळी कधी येते, आणि बिघडलं तर कोणाला हाक मारायची? यांची उत्तरं नसलेली गोष्ट ऐकायला सुंदर असते. सरकारांना ती फार आवडते, कारण तिच्यात शिक्षकाचा पगार नसतो.