शाईआधी प्लेट

कलामहाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांतले व्हिस्कॉसिटी प्रिंट पाहताना अलीकडे राग येतो. निळ्यावर नारिंगी, मधूनच हिरवट झाक, आणि त्याखालची प्लेट जवळजवळ सपाट. ही पद्धत घडवणाऱ्या कृष्णा रेड्डींचं नाव सगळेच घेतात. त्यांची शिकवण मात्र या भिंतींवर कुठे दिसत नाही.

शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेले रेड्डी पॅरिसला मुद्राचित्रकार हेटरच्या अ‍ॅतलिए 17 या स्टुडिओत आले ते शिल्पकाराचे हात घेऊन. तिथे त्यांनी आणि मुंबईच्या कायको मोतींनी एकाच प्लेटवरून एकाच दाबात अनेक रंग उतरवण्याची ही व्हिस्कॉसिटीची रीत घडवली. कठीण रोलर उंचवट्यांनाच टेकतो, मऊ रोलर खोलगटात उतरतो. जवसाचं तेल जास्त घातलेली पातळ शाई आधी लावली, की तिच्यावर नंतरची घट्ट शाई बसत नाही. ती खालच्या मोकळ्या जागाच धरते. एवढं एका दुपारी शिकवून होतं, आणि आज नेमकं एवढंच शिकवलं जातं.

रेड्डींसाठी शाई लावणं हा कामाचा शेवटचा टप्पा होता. त्याआधी धातू कोरायचा, हत्यारांनी, यंत्रांनी, शिल्पासारखा. ‘व्हर्लपूल’ (1963) जवळ जाऊन पाहा. रेषा गरगरत आत ओढल्या जातात आणि धातूची पातळी बदलते तसा रंग पालटतो. ‘ग्रेट क्लाउन’ (1981) त्यांनी एकाच प्लेटवरून कितीतरी वेगळ्या रंगांत छापलं. तरी चित्र कोसळत नाही, कारण आकार धातूतच पक्का आहे. मुद्राचित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर तर याही पुढे गेले. ‘वूंड्स’ मालिकेत त्यांनी शाईच सोडली, मातीवर घाव घातले आणि त्यावरून केलेल्या सिमेंटच्या साच्यात कागदाचा लगदा दाबला.

 

माझं भांडण शिकवणाऱ्यांशी आहे. हेटर नवख्याला आधी रेखाटन करू देत नसे. प्लेट फिरवत ब्युरिन, म्हणजे धातू कोरायचं हत्यार, चालवायला लावी. त्याच्या स्टुडिओत मिरोसारखा चित्रकार आणि कालचा पोरगा एकाच खोलीत राबत. रेड्डींनी पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातही कार्यशाळेची हीच रीत चालवली. आपल्याकडे शिक्षक प्रात्यक्षिक दाखवतो, गुण देतो आणि निघून जातो. त्याने मुलांच्याच प्रेसवर स्वतःचं काम करावं, बिघडलेली प्रूफंही त्यांच्यासमोर काढावीत. प्लेटचा पत्रा महाग झाला, सेमिस्टर आखूड झालं, ही सबब मला पटत नाही. मुलाला सेमिस्टरभर एकच पत्रा द्या. तो त्याला कोरू दे, काळ्या शाईत छापू दे, घासून पुन्हा कोरू दे. पहिलं वर्षभर रंगाचा डबा उघडूच नका.