व्हिडिओ पोचवायचा खर्च कोणाच्या खात्यावर?

टेलिकॉम कंपन्यांची एक मागणी तुम्ही बातम्यांत वाचली असेल: आमच्या नेटवर्कवरचा बराचसा ट्रॅफिक मोजक्या बड्या कंपन्यांचा, मग खर्चातला वाटाही त्यांनीच उचलावा. भारतात 'सीओएआय' ही मोबाइल कंपन्यांची संघटना हेच म्हणते. ऐकायला न्याय्य वाटतं. पण यात किती जीबी गेले आणि किती खर्च आला, या दोन गोष्टी एकच धरल्यात.

हिशोब करून बघा. 5 एमबीपीएसने तासभर सिनेमा पाहिला की सव्वादोन जीबी जातात. पहाटे तीनला पाहा नाहीतर रात्री नऊला, आकडा तोच. नेटवर्कला मात्र फरक पडतो, कारण केबल, राउटर वगैरे सगळं सर्वांत गर्दीच्या तासाला पुरेल एवढं बसवावं लागतं. पहाटे त्यातलं बरंचसं रिकामं असतं.

दुसरी गोष्ट अंतराची. नेटफ्लिक्स 'ओपन कनेक्ट' योजनेत आपले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांना फुकट देतं. जागा आणि वीज कंपनीची. गर्दी नसताना त्यांत सिनेमे भरून ठेवतात. सोसायटीची टाकी रात्रीच भरून ठेवावी तसं. मग शहरातल्या हजार जणांनी एकच सिनेमा लावला, तरी समुद्राखालच्या केबलवरून तो हजारदा येत नाही. 'ट्रॅफिकचा वाटा' सांगणाऱ्या टक्केवारीत हे दिसतच नाही.

क्रिकेटचं वेगळं आहे. 2023च्या विश्वचषक फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. उद्याची मॅच आज टाकीत कशी भरणार? इथे टेलिकॉमवाल्यांची तक्रार मला पटते. पण ती त्या तासाच्या गर्दीची आहे, महिन्याच्या जीबींची नाही. शिवाय त्या जीबींचे पैसे तुम्ही-आम्ही रिचार्ज करताना दिलेलेच असतात!

दक्षिण कोरियात पाठवणाऱ्या नेटवर्कने पैसे द्यायचे, असा नियम 2016 पासून आहे. तिथे ट्विचने 2022 मध्ये व्हिडिओ 720पी वर आणला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये गाशा गुंडाळला. बहुतेक देशांच्या दहापट नेटवर्क शुल्क पडतं, असं कारण दिलं. हा कंपनीचाच दावा, हे लक्षात असू द्या. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड तर याच पैशांवरून कोर्टात गेले होते. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांनी तडजोड केली, अटी जाहीर केल्या नाहीत, आणि पोचवायला खरंच किती खर्च येतो तो आकडा फायलीतच राहिला.