मागच्या चाकाला स्प्रिंग हवी का?

डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलींचे आज दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात फक्त पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असते आणि मागचे चाक फ्रेमला घट्ट जोडलेले असते. तिला 'हार्डटेल' म्हणतात. दुसऱ्यात मागचे चाकही वरखाली हलू शकते आणि त्या हालचालीला स्प्रिंग व तेलाचा दट्ट्या आवर घालतात. ही 'फुल सस्पेन्शन' सायकल. यांपैकी कोणती घ्यावी, यावर सायकलस्वारांमध्ये गेली तीसहून अधिक वर्षे वाद चालू आहे. हा वाद केवळ आवडीनिवडीचा असता, तर त्याची दखल येथे घेण्याचे कारण नव्हते. पण दोन्ही बाजू विज्ञानाचा आधार घेतात, आणि तो बऱ्याचदा अर्धवट घेतात. म्हणून त्यांचे मुख्य युक्तिवाद एकेक करून तपासून पाहू.

थोडा इतिहास

सायकलीला स्प्रिंग बसवण्याची कल्पना नवी नाही. १८८० च्या दशकात, भरीव रबरी टायरांच्या काळात, इंग्लंडमध्ये 'व्हिपेट' नावाची स्प्रिंगच्या सांगाड्याची सायकल विकली जात होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर आणला आणि असे सांगाडे लवकरच मागे पडले. हवेचा टायर हीच एक हलकी आणि स्वस्त स्प्रिंग असते. या वादात बोलणारे ही गोष्ट सहसा विसरतात.

१९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायस परिसरात 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. सुमारे साडेतीन किलोमीटरांच्या कच्च्या रस्त्यावर जवळजवळ ४०० मीटर खाली यायचे. सायकली जुन्या, जाड टायरांच्या. स्प्रिंग एकीलाही नाही. मागच्या तुंब्यातील ब्रेक एका उतारातच इतका तापे की त्यातील ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावे लागे. शर्यतीचे नावही त्यावरूनच पडले. स्वार व सायकल मिळून ८५ किलो धरले, तर या उतारात सुमारे ३ लाख ३३ हजार ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. एक लिटर पाणी उकळीला आणायला एवढी ऊर्जा पुरते. तिचा काही भाग हवेच्या विरोधात जातो, पण उरलेली बरीचशी त्या छोट्या तुंब्यात उष्णता होऊन जमा होत असे.

'रॉकशॉक्स'चा स्प्रिंगचा चिमटा १९८९-९० च्या सुमारास बाजारात आला. १९९० मध्ये कोलोरॅडोतील दुरँगो येथे झालेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत उताराची शर्यत जिंकणाऱ्या ग्रेग हर्बोल्डच्या सायकलीला तो होता. पुढच्या चाकाचा प्रश्न त्यानंतर थोड्याच वर्षांत सुटला. मागच्या चाकाचा सुटला नाही, कारण सायकलीला पुढे ढकलणारी चेन तेथेच येऊन जोडलेली असते.

युक्तिवाद पहिला : वजन

हार्डटेलचे समर्थक सांगतात की मागच्या स्प्रिंगमुळे वजन वाढते आणि चढावर दमछाक होते. साधारण सारख्या किमतीच्या दोन सायकलींत दीड-दोन किलोंचा फरक असतो, हे खरे. त्याचा परिणाम किती, हे मात्र मोजून पाहावे. ३०० मीटर उंचीचा चढ घेऊ. २ किलो जादा वजन तेवढे वर न्यायला २ × ९.८ × ३०० = ५८८० ज्यूल लागतात. चढण्याच्या कामी १५० वॅट शक्ती लावणाऱ्या स्वाराला यासाठी ३९ सेकंद जादा मोजावे लागतील. ८५ किलो वर नेण्याचा एकूण वेळ सुमारे २८ मिनिटे आहे. शर्यतीत ३९ सेकंद फार मोठे असतात. रविवारी सकाळी डोंगरात जाणाऱ्यासाठी ते पाणी पिण्याच्या थांब्याइतके आहेत. वजनाचा मुद्दा चुकीचा नाही, पण त्याला मिळणारे महत्त्व अवास्तव आहे.

युक्तिवाद दुसरा : स्प्रिंग ताकद खाते

हा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. पायडल मारताना फुल सस्पेन्शन सायकल तालात वरखाली डुलते आणि त्यात ताकद वाया जाते, असे म्हणतात. याचे कारण अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रात सापडते.

स्वार बसल्यावर स्प्रिंग काही अंतर दबते. तेव्हा स्वाराचे वजन आणि स्प्रिंगचे बल समान असतात; म्हणून स्प्रिंगचा स्थिरांक भागिले वस्तुमान ही राशी, गुरुत्वत्वरण भागिले दबलेले अंतर, एवढीच येते. यातून एक सुंदर निष्कर्ष निघतो. स्प्रिंगची नैसर्गिक वारंवारता काढायला स्वाराचे वजन किंवा स्प्रिंगचा कडकपणा वेगळा माहीत असण्याची गरज नाही. दबलेले अंतर पुरते. ९.८ ला त्या अंतराने (मीटरमध्ये) भागा, वर्गमूळ काढा आणि ६.२८ ने भागा.

चालीच्या सुमारे ३० टक्के दाब ठेवावा, असा संकेत आहे. मागचे चाक १२ सेंटिमीटर हलू शकत असेल, तर हा दाब ३.६ सेंटिमीटर येतो. ९.८ भागिले ०.०३६ म्हणजे २७२; वर्गमूळ १६.५, वारंवारता २.६ हर्ट्झ. हवेच्या स्प्रिंगचा कडकपणा दाबाबरोबर बदलतो, म्हणून हा आकडा ढोबळ समजावा.

आता पायडलकडे पाहू. मिनिटाला ८० फेरे ही सर्वसाधारण गती आहे. प्रत्येक फेऱ्यात दोन पाय दोनदा जोर देतात, म्हणजे मिनिटाला १६० धक्के, सेकंदाला २.७. झोका देणारा नेमका झोक्याच्या तालात धक्का देतो तेव्हा काय होते, हे आपण मुलांना अनुनाद शिकवताना सांगतोच. येथेही तेच घडू पाहते. सायकल डुलते हा भ्रम नाही; माणसाच्या पायांचा ताल आणि आरामदायी स्प्रिंगचा ताल जवळपास एकच आहे.

मग उपाय काय? एक उपाय अवमंदनाचा : तेल बारीक छिद्रांतून ढकलायला लावून हालचालीची ऊर्जा उष्णतेत घालवायची. दुसरा उपाय मांडणीचा : मागच्या दांड्याची खीळ अशा जागी ठेवायची की चेनचा ताण मागचा भाग खाली बसू देणार नाही. तिसरा उपाय म्हणजे खटका दाबून चढावर स्प्रिंग जवळजवळ बंद करणे. चांगल्या सायकलींत या तिन्हींचा मेळ घातलेला असतो आणि डुलणे पुष्कळ आटोक्यात येते. म्हणजे आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे; पण तो स्प्रिंगवर नसून वाईट मांडणीवर आहे.

दगड काय खातो?

या आक्षेपाची दुसरी बाजू हार्डटेलवाले सांगत नाहीत. स्प्रिंग नसलेली सायकलही ताकद खातेच. मागच्या चाकावर ५० किलो भार आहे आणि ते ४ सेंटिमीटर उंच दगडावर चढते, असे समजा. तो भार वर उचलायला ५० × ९.८ × ०.०४, म्हणजे सुमारे २० ज्यूल लागतात. दर मीटरला असा एक दगड आणि वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर ही मागणी ४० वॅट होते. १५० वॅटच्या स्वारासाठी हा चौथ्या हिश्श्याहून मोठा कर आहे. प्रत्यक्षात टायर दबतो आणि उतरताना काही ऊर्जा परत मिळते, म्हणून ही वरची मर्यादा मानावी. तरी ऊर्जेचा हिशेब एकाच बाजूचा मांडता येत नाही, एवढे यातून दिसते.

यावर हार्डटेलवाल्यांचे उत्तर असे, की उभे राहून गुडघे वाकवले की पायच स्प्रिंगचे काम करतात. हे अगदी खरे आहे. मात्र गुडघ्यांना दर वेळी स्नायूंची ऊर्जा मोजावी लागते, आणि बसून पायडल मारताना हा उपाय चालत नाही.

वेगाचा मुद्दाही येथेच येतो. स्प्रिंग धक्के गाळते, पण सगळे नाही. नैसर्गिक वारंवारतेच्या साधारण १.४ पटीपेक्षा जलद येणारेच. आपल्या उदाहरणात ही सीमा ३.७ हर्ट्झ आहे. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर दगड असलेल्या वाटेवर उतरताना वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर धक्के १० हर्ट्झने येतात आणि त्यांचा लहानसा अंशच स्वारापर्यंत पोहोचतो. त्याच वाटेने सेकंदाला दीड मीटरने चढताना धक्के ३ हर्ट्झने येतात. तेथे स्प्रिंगची गाळणी निकामी आणि सारी भिस्त अवमंदनावर. तीच सायकल, तेच दगड. फक्त दिशा बदलली. 'फुल सस्पेन्शन उतारावर राजा' या अनुभवाचे मूळ येथे आहे.

युक्तिवाद तिसरा : विजेते काय वापरतात?

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये यारोस्लाव कुलहावीने फुल सस्पेन्शन सायकलीवर सुवर्णपदक मिळवले. हार्डटेलवरचा निनो शुर्टर एका सेकंदाने मागे राहिला. २०१६ मध्ये रिओला शुर्टर फुल सस्पेन्शनवर जिंकला. ही उदाहरणे निर्णायक पुरावा म्हणून दिली जातात, ती तशी नाहीत. लंडनला दोघांच्या चाकांचा व्यासही वेगळा होता, आणि माणसे तर वेगळी होतीच. एका वेळी एकच घटक बदलावा, हा प्रयोगाचा पहिला नियम. दीड तासाच्या शर्यतीतला एक सेकंद स्प्रिंगच्या नावावर जमा करणारा विद्यार्थी आपल्या प्रयोगवहीत नापास झाला असता.

हार्डटेलवर शिकलेला स्वार वाट निवडण्यात तरबेज होतो, असेही म्हणतात. त्यात तथ्य दिसते, कारण चूक झाली की ती लगेच पाठीला कळते. पण हा मुद्दा शिकण्याविषयीचा आहे, सायकलीच्या कार्यक्षमतेविषयीचा नाही. गणकयंत्र वाईट आहे म्हणून आपण पाढे पाठ करून घेत नाही.

निर्णय, आणि एक इशारा

लांब, खडकाळ आणि वेगाचे उतार नेहमी करायचे असतील, अवमंदक चांगल्या प्रतीचा असेल आणि खिळींची, तेलाच्या सीलांची देखभाल परवडणार असेल, तर फुल सस्पेन्शन घ्यावी. मातीच्या, मध्यम चढउतारांच्या वाटांवर आणि बेताच्या खर्चात हार्डटेल सरस ठरते. रुंद टायर घेऊन त्यात हवा थोडी कमी ठेवली, की डनलॉपची जुनी स्प्रिंग पुष्कळ काम करते. सह्याद्रीतल्या पावसाळी चिखलात तर जितक्या खिळी कमी तितके बरे.

आपल्याकडे मात्र हा प्रश्न वेगळ्याच रूपात येतो. शाळकरी मुले 'डबल शॉकअप'च्या सायकलीसाठी हट्ट धरतात. अशा बऱ्याच स्वस्त सायकलींच्या मागच्या स्प्रिंगमध्ये तेल नसते आणि अवमंदन जवळजवळ शून्य असते. म्हणजे अनुनादाची सोय पुरेपूर आणि त्याला लगाम नाही. शिवाय जड लोखंडी सांगाडा आणि काही महिन्यांत खुळखुळणारी खीळ. डांबरी रस्त्याने शाळेत जाणाऱ्या मुलाला यातून वजनाखेरीज काही मिळत नाही, आणि पैसे पालकांचे जातात. या सायकलींवर टीका करताना हात आखडण्याचे कारण नाही. येथे स्प्रिंग म्हणजे दागिना आहे.

याची परीक्षा वर्गात सहज घेता येईल. सीट जोराने दाबून एकदम सोडा आणि दोलने मोजा. एका हेलकाव्यात सायकल शांत झाली, तर अवमंदक आहे. तीन-चार वेळा उसळली, तर नुसती स्प्रिंग आहे. मग मागच्या आसापासून सीटपर्यंतचे अंतर आधी मोकळ्या सायकलीवर आणि नंतर विद्यार्थी बसलेला असताना मोजा. दोहोंतील फरकावरून नैसर्गिक वारंवारता काढा, आणि ती त्या विद्यार्थ्याच्या पायडलच्या तालाशी ताडून पाहा. हे दोन आकडे जवळ आले, तर नवी सायकल घेण्याआधी घरी काय सांगायचे, हे विद्यार्थी स्वतःच ठरवतील.