रिकामा क्वाड्रॅट कुठे जातो?

वनस्पती सर्वेक्षणावरचे प्रबंध चाळले तर पद्धतीचं प्रकरण बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं. झाडांसाठी १० × १० मीटरचे क्वाड्रॅट, त्यातच झुडपांसाठी ५ × ५ आणि गवतासाठी १ × १. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, खोडाचा घेर. मग आयव्हीआय, आणि शेवटी चॅम्पियन-सेठ यांच्या वर्गीकरणातलं एक नाव. ही साखळी दाट जंगलात ठीक चालते. मराठवाड्यात मात्र ती कुठे तुटते ते बघू.

जालन्याच्या विद्यार्थ्यांना तुलनेने जवळचं संरक्षित क्षेत्र म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. १९८६ मध्ये घोषित झालेलं, सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेला दिसणाऱ्या अजिंठा डोंगररांगेचाच हा पश्चिमेकडचा पट्टा. अशा डोंगरात उतारावर पानगळीचं जंगल, ओढ्याकाठी दाट झाडी आणि माथ्यावर विरळ झाडांचं गवत असा तुकड्या-तुकड्यांचा मामला असतो.

समजा, ५० क्वाड्रॅट टाकले आणि त्यातल्या २० मध्ये एकही झाड मिळालं नाही. आयव्हीआय म्हणजे सापेक्ष घनता, सापेक्ष वारंवारता आणि सापेक्ष प्राबल्य यांची बेरीज, एकूण ३००. आता ते २० रिकामे क्वाड्रॅट काढून टाका आणि पुन्हा गणित करा. उत्तर तेच येतं! कारण रिकाम्या क्वाड्रॅटमुळे सगळ्या प्रजातींची वारंवारता एकाच प्रमाणात कमी होते आणि भागाकारात ती निघून जाते. म्हणजे ४० टक्के नमुना गवताळ होता, याचा तक्त्यात मागमूसही राहत नाही. तक्ता म्हणतो सागवान पहिला, धावडा दुसरा. आणि आपण अख्ख्या क्षेत्राला 'सागाचं शुष्क पानगळी वन' म्हणून मोकळे होतो.

बरं, गवताची वेगळी नोंद केली तरी नाव कुठून आणणार? चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८ च्या ग्रंथात शुष्क गवताळ प्रदेशाचा संकेत आहे ५/डीएस४. यातलं 'डीएस' म्हणजे डिग्रेडेशन स्टेज, ऱ्हासाचा टप्पा. म्हणजे मोजमाप करण्याआधीच निकाल लागलेला! अख्ख्या देशाची जंगलं एका चौकटीत बसवणं हे त्या ग्रंथाचं काम खरंच मोठं आहे, आणि आजही वनखात्याशी बोलताना हीच भाषा लागते. पण ती वनाधिकाऱ्यांची चौकट आहे. तिथे गवत म्हणजे न झालेलं जंगल.

काही गवताळ तुकडे खरोखरच तुटलेल्या जंगलाचे असतात, हे मान्य. पण ते पुराव्याने ठरवायचं: जुने बुंधे, खोडाला फुटलेले फुटवे, मातीची खोली, चराई आणि वणव्याचा इतिहास. 'ऱ्हास' हा शब्द अहवालात गेला की पुढची पायरी वृक्षारोपणाचे खड्डे. पवन्या, मारवेल, कुसळीचं माळरान आणि त्यावर जगणारे प्राणी-पक्षी यांचा मग हिशोबच होत नाही.

मग करायचं काय? आयव्हीआय टाकून द्यायची गरज नाही. सोबत दर हेक्टरी प्रत्यक्ष घनता द्या आणि झाड नसलेल्या क्वाड्रॅटची टक्केवारी स्पष्ट लिहा. माथा, उतार, ओढाकाठ असे थर आधी पाडा, नमुने प्रत्येक थरातून घ्या आणि निकालही थरानुसार वेगळे मांडा. गवत पावसाळ्याच्या शेवटी, फुलोऱ्यात असताना मोजा. फेब्रुवारीत बहुतेक चरलेलं किंवा जळालेलं असतं, आणि फुलोऱ्याशिवाय ओळख पटवणं अवघड. परवानगीचा अर्ज करताना या तारखा धरूनच करा. झाडं, झुडपं, गवत यांची आकडेवारी एकत्र ठेवून गट पाडा, आणि चॅम्पियन-सेठचा संकेत सगळ्यात शेवटी, तुलनेसाठी लावा.

व्हायव्हामध्ये 'क्वाड्रॅट किती टाकले?' हा प्रश्न हमखास येतो. त्याबरोबर 'रिकामे किती निघाले?' याचंही उत्तर तुमच्या प्रबंधात असायला हवं.