वर्गांक आणि गावकूस

ग्रंथपालही समीक्षा करतो, हे आपल्या समीक्षकांनी कधी मान्य केले नाही. पुस्तकाच्या पाठीवर तो एक आकडा चिकटवतो आणि पुस्तकाची वस्ती ठरते. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाच्या १८७६ सालच्या दशांश वर्गीकरणात इंग्रजी, जर्मन, फ्रेंच वाङ्मयाला स्वतंत्र वाडे मिळाले. उरलेल्या जगाची बोळवण ८९० या एका खणात झाली. मराठी वाङ्मय त्यातल्या ८९१.४६ मध्ये. म्हणजे मुळात मराठीच गावकुसाबाहेर! पण तिनेही आपले वेगळे गावकूस उभारलेच.

कल्याण परिसरातील एका ग्रंथालयात मी दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) शोधत होतो. ते मिळाले ३०५.५ खाली, सामाजिक वर्गांच्या कपाटात. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) शेजारीच. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र वाङ्मयात. त्यांनी सांगितलेले जगणे साहित्य आणि आम्ही सांगितलेले जगणे नुसती माहिती? आमच्या आत्मकथनांना 'समाजशास्त्रीय दस्तऐवज' म्हणून बाजूला सारणारी समीक्षा आणि हे कपाट यांत मला फरक दिसत नाही.

आकडा बिचारा निर्दोष आहे. मानव्यविद्या जाणणारा ग्रंथपाल असता तर त्याने पुस्तक वाङ्मयात ठेवले असते आणि समाजशास्त्राखाली दुसरी नोंद केली असती. असा माणूस काय करू शकतो ते बाबासाहेब जाणून होते. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे त्यांना हवे ते ग्रंथ शोधून देत.

आमच्या पट्ट्यात वाचनालयांची वाण नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. पण संशोधनासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय गाठायचे तर कालिना! मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणात आली खरी. ठाण्यात भर कायदा व व्यवस्थापनावर, कल्याणात अभियांत्रिकीवर. मानव्यविद्येचा विद्यार्थी लोकलच्या दारात लटकत कुर्ल्याला उतरणार, तेथून बस धरणार. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातल्या पोराला हा दिवस फुकट मिळत नाही.

म्हणून नव्या इमारतीच्या कोनशिलेचे कौतुक मला नको. दोन्ही उपकेंद्रांत मानव्यविद्येचे दालन हवे. तेथे 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतले लेख विषयवार शोधून देणारा, पगारी आणि कायम नेमणुकीचा ग्रंथपाल हवा. आणि पोराने 'बलुतं' मागितले तर त्याने त्याला वाङ्मयाच्या कपाटाकडे न्यावे.