सातबाऱ्यावरील कोरी ओळ

समीक्षकाने कथा-कवितांपुरतेच वाचावे, तलाठ्याच्या कागदाला हात लावू नये, असा काही दंडक नाही. बोईसर-तारापूर पट्ट्यातील कुटुंबे वारसनोंदीसाठी सातबारा घेऊन आमच्याकडे येतात आणि आम्ही तो वाङ्मयासारखा वाचत बसतो. गाव नमुना सातमध्ये एक जागा असते : ‘शेताचे स्थानिक नाव’. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक उताऱ्यांत तिच्यापुढे काहीच लिहिलेले नाही.

नमुन्याचे श्रेय आधी दिले पाहिजे. इंग्रजी अमदानीतील मोजणीने शेताला क्रमांक दिला, क्षेत्र व आकार ठरवला. एवढे झाल्यावर नावाची गरज सरकारला उरली नव्हती. तरी हा नमुना ते विचारतो, ही त्याची रसिकताच म्हणायची!

दोष आहे तो एका ओळीचा. नाव क्रमांकाची हद्द पाळत नाही. ‘खाजणातले’ म्हटले की चार-पाच क्रमांक त्यात येतात आणि उधाणाचे खारे पाणी कुठवर चढते, तेही कळते. उलट, वाटणीत एका क्रमांकाचे तीन हिस्से पडले तरी तिघे भाऊ आपापल्या तुकड्याला ‘उंबराचे’च म्हणतात, उंबर केव्हाच तोडलेला असतो.

शिवाय स्थानिक म्हणजे कोणाचे? एका शेताला मालक ‘विहिरीवरचे’ म्हणत होते. तेथे वर्षानुवर्षे आवणी करणाऱ्या वारली बाई म्हणाल्या, ‘जळवांचे’. चिखलात पाय त्यांचे होते.

तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. भूसंपादनात घर, झाड, विहीर यांची मोजदाद होते. नावाची होत नाही. आता जिल्ह्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग जातो आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणीही झाली आहे. नावे टिपायची तर जाणत्या माणसांबरोबर बांधावरून चालूनच टिपावी लागतील, आणि ऐकू येतील तशीच. कोणी ‘खाजन’ म्हटले तर आपण शहाणपणाने ‘ण’ घालू नये. (आम्ही सेमिनरीत शिकलेले, हा मोह आम्हांला फार होतो.)

त्या शेताचा उतारा आम्ही पुन्हा पाहिला. ओळ कोरीच आहे. आमच्या वहीत मात्र ते दोन्ही नावांनी लिहिले आहे, आधी बाईंचे.